दुसऱ्या लेनमधली आक्का

आमचं गाव जामखेड तालुक्यात, खर्ड्याच्या पुढे. तिथे पोहता येणारी बाई सापडणं अवघड, कारण पोहायला पाणी लागतं आणि आमच्या भागात उन्हाळ्यात प्यायचं पाणीसुद्धा टँकरने यायचं. तरी आम्ही दोघी बहिणी पोहायला शिकलो, त्या ऊसतोडीमुळे. दिवाळी झाली की आई आणि आबा कोयता घेऊन नेवाशाकडे निघायचे आणि आम्हा दोघींनाही बरोबर न्यायचे. जिल्हा एकच, पण तिकडे पाटाचं पाणी होतं. रस्त्याच्या कडेने वाहणारं एवढं पाणी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आईला विचारलं होतं, की हे सांडतंय ते कुणी बंद का करत नाही.

आक्का माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. आई-आबा पहाटे फडात जायचे, मग पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीवर, आम्ही दोघीच. भाकरी करणं, पाणी भरणं, वाढ्याच्या म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या मोळ्या बांधणं आणि मला सांभाळणं ही सगळी तिची कामं. ज्या मालकाच्या रानात आमच्या कोप्या होत्या, त्याची मोठी विहीर होती, खाली उतरायला दगडी पायऱ्या असलेली. मालकाची मुलं पाठीला तेलाचे रिकामे डबे बांधून तिथे पोहायची. आक्का धुणं घेऊन पायरीवर बसायची आणि त्यांच्याकडे बघत राहायची. एके दिवशी मुलं जेवायला गेल्यावर तिने हातातलं धुणं ठेवलं आणि ती सरळ पाण्यात उतरली. डबाही बांधला नाही. नुसतं बघून माणूस पोहायला कसं शिकतं, हे मला आजही कळलेलं नाही, आणि मी तर पुढे आयुष्यभर पोहणाऱ्यांमध्येच वावरले.

मालकीणबाईंनी ते वरून पाहिलं. आम्हाला वाटलं, आता हाकलून देणार. त्या म्हणाल्या, "पोहतेस ते पोह, पण धाकटीला डबा बांधल्याशिवाय पाण्यात घालायची नाही." संध्याकाळी त्यांनीच एक डबा आणि सुती दोर आणून दिला.

आक्काने मला शिकवलं ते असं. ती थोडी पुढे जायची, पाण्यात उभ्याने पाय मारत थांबायची आणि हात पुढे करायची. "माज्या हाताला हात लाव, मंग घरी जायचं." मी धडपडत तिच्याजवळ पोचायची आणि हात लावणार तेवढ्यात ती जरा मागे सरकायची. मी चिडायची, रडायची, नाकातोंडात पाणी जायचं. पण शेवटी एका हाताचा तळवा तिच्या तळव्याला लागला की ती मला ओढून छातीशी धरायची. विहिरीचं पाणी गार असायचं आणि आक्का गरम. माझ्या लहानपणातला सगळ्यात सुखाचा काळ कोणता असं कुणी विचारलं, तर मला त्या कोप्याच आठवतात. आईचे हात उसाच्या पाचटाने कापलेले असायचे, आबा रात्री कण्हायचे. तरीही मला त्या कोप्याच आठवतात.

मी चौथीत असताना गावच्या गुरुजींनी आबांना समजावलं आणि मला नगरच्या एका वसतिगृहात घातलं. आक्काची शाळा कधीच सुटली होती. दिवाळीनंतर आई, आबा आणि आक्का ट्रकमध्ये बसून नेवाशाकडे निघायचे आणि तो ट्रक नगरवरूनच जायचा. कोणत्या दिवशी जाणार हे मला माहीत नसायचं. त्या दिवसांत शाळेतून आले की मी वसतिगृहाच्या फाटकाशी उभी राहायची. रस्त्याने कोयतेवाल्यांचे ट्रक एकामागून एक जायचे. वर भांडी, गोधड्या, शेळ्या, कोंबड्यांच्या डालग्या आणि त्या ढिगावर बसलेली माणसं. थंडीने सगळ्यांनी डोक्यावरून घट्ट गुंडाळून घेतलेलं असायचं, त्यामुळे चेहरे दिसायचे नाहीत. मी प्रत्येक ट्रककडे बघून हात हलवायची. कुणीतरी उलट हात हलवायचं. ती आक्का होती की दुसऱ्या कुणाची बहीण होती, हे कळायच्या आत ट्रक पुढे गेलेला असायचा.

वसतिगृहातल्या मुलींना आमच्या खेळाच्या बाई एकदा नगरच्या पोहण्याच्या तलावावर घेऊन गेल्या. निळ्या फरशीचं ते पाणी मी पहिल्यांदाच पाहत होते. बाईंनी विचारलं, कुणाला पोहता येतं. मी सरळ उडी मारली. डोकं वर धरून, बेडकासारखे पाय मारत पलीकडे गेले आणि परत आले. तिथले प्रशिक्षक म्हणाले, "हे ब्रेस्टस्ट्रोकच्या जवळचं आहे. कुणी शिकवलं?"

मी म्हणाले, "आक्काने."

"कुठल्या क्लबच्या त्या?"

मला क्लब म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. त्या प्रशिक्षकांनी पुढची काही वर्षं मला घडवलं. डोकं पाण्यात घालायला शिकवलं, दोन्ही हात एकदम कसे ओढायचे ते शिकवलं. जिल्ह्यात निवडले गेले, मग राज्यात. त्याच वेळी फेडरेशन हा शब्द माझ्या कानावर पडला. देशभरातल्या पोहण्याच्या खेळांचा कारभार बघणारी ही राष्ट्रीय संघटना, तिला सगळे नुसतं फेडरेशन म्हणतात. फेडरेशनने वयोगट ठरवलेत, फेडरेशनने तारखा दिल्यात, फेडरेशनला जन्माचा दाखला पाहिजे. मला वाटायचं, फेडरेशन म्हणजे कुणीतरी एक कडक म्हातारे गृहस्थ असावेत.

नववीत असताना मी राष्ट्रीय स्पर्धेला गेले. दक्षिणेतलं शहर, दोन रात्रींचा प्रवास. माझ्या पहिल्याच फेरीत मी मागे पडले आणि बाहेर गेले. शर्यत संपल्यावर भिंतीला हात लावून मी वर पाहिलं. लेनच्या टोकाशी पांढऱ्या कपड्यातल्या एक बाई उभ्या होत्या. वळणावरच्या पंच. त्यांची मान खाली होती आणि त्या फक्त माझ्या हातांकडे बघत होत्या. मी जिंकले की हरले याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, पण माझे दोन्ही हात भिंतीला नीट लागले का, हे त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. माझ्या हातांकडे एवढ्या लक्षाने त्याआधी एकाच माणसाने पाहिलं होतं. परतीच्या गाडीत मी ठरवलं, की आक्काला हे सगळं सांगायचं. निळं पाणी, त्या बाई, देशभरातून आलेल्या मुली, सगळं.

सुट्टीत गावी गेले तेव्हा घरात आक्का नव्हती. मी स्पर्धेला गेले होते त्याच आठवड्यात तिचं लग्न झालं होतं. आई म्हणाली, "मुहूर्त लवकरचा निघाला, पोरी. तुला कळवायला जमलं न्हाई." तिच्या लग्नात मी करवली असणार, हे आम्ही दोघींनी विहिरीच्या पायरीवर बसून किती वेळा ठरवलं होतं. तिची जुनी ओढणी दांडीवर तशीच होती. ती मी वसतिगृहात घेऊन आले.

लग्नानंतर आक्का नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायला लागली. भेटी व्हायच्या त्या कुणाच्या लग्नात, कुणाच्या दहाव्याला, चार बायकांच्या गराड्यात. मी शिकले, नगरमध्येच शाळेत क्रीडाशिक्षिका झाले, लग्न केलं, संसार थाटला. पोहण्याच्या शर्यती कधीच सुटल्या होत्या, पण तलाव सुटला नाही. फेडरेशनची पंचांची परीक्षा असते. ती दिली, आधी जिल्ह्यात, मग राज्यात पंच म्हणून उभी राहायला लागले. पुढे राष्ट्रीय स्पर्धांनाही बोलावणं येऊ लागलं. वर्षातून काही दिवस मी पांढरे कपडे घालून लेनच्या टोकाशी उभी राहते, मान खाली, नजर पोहणाऱ्याच्या हातांवर. पंचाने टाळी वाजवायची नाही, कुणाला नावाने हाक मारायची नाही, तोंडावर आनंदही दाखवायचा नाही. माझे यजमान थट्टेने म्हणतात, घरात एवढं गप्प राहायला जमलं असतं तर बरं झालं असतं.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत मी आक्काकडे गेले. तिचा मुलगा कमावता झाला होता आणि आक्का व दाजी यांचं तोडीला जाणं थांबलं होतं. त्यांनी लिंबाची बाग लावली होती आणि बागेसाठी शेततळं केलं होतं, तळाला आणि काठाला काळं प्लास्टिक अंथरलेलं. मी पोचले तर घरी तिची सून एकटीच होती. सून म्हणाली, "मावशी, सासूबाई तळ्याकडं हायत. तुमी चहा घ्या, त्या येतील." तिच्या बोलण्यात काहीतरी लपवाछपवी होती. मी चहा न घेता तळ्याकडे गेले.

ऊन कलतीला लागलं होतं. काठावर आक्काच्या चपला होत्या, घडी घातलेली साडी होती आणि खुंटाला बांधलेला एक दोर पाण्यात गेला होता. आक्का पंजाबी ड्रेसवर पोहत होती. डोकं वर, पाय बेडकासारखे, अजिबात घाई न करता. मी काठावर बसले. तिने मला पाहिलं, पण थांबली नाही. पलीकडे जाऊन परत आली, मग दोराला धरून वर चढली.

"हसू नको," ती म्हणाली.

"मी कुठं हसते?"

"गावात कुनाला म्हाईत न्हाई. पोराला म्हाईत हाय, त्यानंच दोर बांधलाय, प्लास्टिकवरनं पाय घसरतो म्हनून." ओढणीने तोंड पुसत ती म्हणाली, "इतकी वर्सं झाली बघ. म्या म्हनलं, आता विसरलं आसन. पर पाय पान्यात घातला आन् सगळं आठावलं."

आम्ही दोघी तिथेच बसलो. मग तिने मला विचारलं, की मी सारखी कुठे जाते, ते पांढरे कपडे घालून नेमकं काय करते. मी तिला फेडरेशनबद्दल सांगू लागले. देशातल्या प्रत्येक राज्यात एक संघटना, तिच्या खाली जिल्ह्यांच्या. पोहणं, उंचावरून सूर मारणं, पाण्यातला चेंडूचा खेळ, संगीतावरचं पोहणं, हे सगळं त्या एका छत्राखाली येतं. जगाचे नियम असतात ते फेडरेशन आपल्याकडे आणतं, पंच तयार करतं, देशाचा संघ निवडतं. आणि कुणी कितीही वेगाने पोहलं, तरी त्यांच्या मान्यतेच्या स्पर्धेत, त्यांच्या पंचांसमोर पोहलं असेल तरच त्याची नोंद होते.

आक्काने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी पाटकरीच की. मालकाकडं यायाचा बघ सायकलवर, कुनाला कवा पानी सोडायचं ते सांगाया. पाट काय त्याच्या बापाचा न्हवता. पर त्यो नसता तर वरच्या अंगाच्यांनी खालच्याला थेंब ठिवला नसता."

"आणि पाटकऱ्यावर लोक चिडायचे तसे फेडरेशनवर पण चिडतात," मी म्हणाले. "निवडीवरून भांडणं होतात, कोर्टात जातात."

"व्हनारच. पान्याचा कारभार हाय त्यो."

तेव्हा मी तिला मास्टर्सबद्दल सांगितलं. फेडरेशन मोठ्या माणसांसाठी वेगळ्या स्पर्धा घेतं, पाच-पाच वर्षांचे गट करून. पंचविशीपासून पुढे, ऐंशीचे आजोबाही पोहतात. तिच्या वयाच्या बायकांचाही गट आहे. जिल्ह्याकडून नाव द्यायचं, राज्यात पोहायचं, पुढे निवड झाली तर राष्ट्रीय. मी हे सहज म्हणून सांगितलं होतं. ती ओढणी पिळत म्हणाली, "कापडं काय घालावी लागत्यात?"

"गुडघ्यापर्यंतचा पोशाख चालतो."

"आन् पुरुष असत्यात तिथं?"

"असतात. पण आक्का, तिथे कुणाला कुणाकडे बघायला वेळ नसतो. मी एवढी वर्षं उभी राहते, मला फक्त हात दिसतात."

दाजी तयार होतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. ते ऐकून म्हणाले, "जाऊ दे की. फडात हिच्या तोडीला तोड कुनी न्हवतं. पान्यात काय हुतंय ते बघू." जामखेडच्या डॉक्टरांनी प्रकृती ठणठणीत असल्याचं लिहून दिलं, पण दोनदा विचारलं की नक्की पोहायलाच जायचंय ना. पोशाख मी नगरहून आणला. आक्काने तो दार लावून घालून पाहिला आणि आतूनच म्हणाली, "बारके, ह्यो घालून म्या काय तुला दाखवत न्हाई, आन् तू बी बघाया मागू नको."

राज्याची स्पर्धा पुण्यात होती. मी तिथे पंच म्हणून होते. आक्का आदल्या दिवशी नगरला माझ्याकडे आली आणि सकाळी आम्ही एसटीने निघालो. तलावाच्या काठाशी जाऊन ती खाली वाकली. "तळ दिसतोय," ती म्हणाली. "म्या तळ कधी बघितलाच न्हवता."

तिची शर्यत पन्नास मीटर ब्रेस्टस्ट्रोकची. तिच्या गटात पाच बायका होत्या. आधीची वेळ नोंदलेली नसल्याने तिला दुसरी लेन मिळाली. आणि पंचांच्या वाटणीत त्या दिवशी शेवटच्या भिंतीशी दुसरी लेन माझ्याकडे आली होती. मी मुख्य पंचांकडे गेले आणि सांगितलं, की या शर्यतीत माझी सख्खी बहीण आहे. त्यांनी मान हलवली, मला सातव्या लेनवर पाठवलं आणि तिथल्या तरुण मुलीला दुसऱ्या लेनवर आणलं. ती मुलगी माझ्याच हाताखाली पंचाचं काम शिकली होती. सातव्या लेनमध्ये कुणीच पोहणार नव्हतं. मी रिकाम्या पाण्याच्या टोकाशी उभी राहिले.

पलीकडच्या टोकाला आक्का उभी होती. खांद्यावर ओढणी होती, ती तिने शेवटच्या क्षणापर्यंत सोडली नाही. शिट्टी झाल्यावर ती घडी करून मागच्या खुर्चीवर ठेवली. बाकीच्या चौघी सूर मारायला वाकल्या. आक्का वाकली, आणि इशारा होताच सगळ्यांबरोबर पाण्यात गेली. ती वर आली तेव्हा तिचं डोकं पाण्याबाहेर होतं, जसं विहिरीत असायचं. बाकीच्या डोकं बुडवत होत्या, ती समोर बघत येत होती. माझ्या रिकाम्या लेनपासून ती पाच लेन पलीकडे होती, पण मला तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता. ती दुसऱ्या लेनच्या टोकाकडे बघत होती, जिथे मी असेन असं वाटणी कळल्यावर मीच तिला सांगितलं होतं.

मला हाक मारायची होती. आक्का, इकडे. एवढंच. पण पंचाने हाक मारायची नसते. मी हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले. ती तिसरी येत होती. भिंत जवळ आली आणि आक्काने उजवा हात पुढे केला, एकच, तळवा उघडा ठेवून, आणि भिंतीला लावला.

त्या मुलीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग हात वर केला.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. शेततळ्यावर मी तिला हे सांगितलं होतं, ती हो हो म्हणाली होती. पण शेततळ्याला भिंत नव्हती, आणि अंगात मुरलेलं पोहणं पन्नास मीटरमध्ये बदलत नाही. निकालात तिच्या नावापुढे बाद असं आलं.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही गॅलरीखालच्या बाकावर बसलो. तिने घरून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. ती शांतपणे खात होती.

"त्या पोरीनं हात वर केला, ते बराबर हुतं का?" तिने विचारलं.

"बरोबर होतं."

"तू असतीस तर?"

"मीही केला असता, आक्का."

"मंग ठीक हाय." ती पाणी प्यायली. "मला वाटलं, माज्यामुळं तुज्या कामात काय खोट आली का काय."

मग जणू काही वेगळाच विषय निघावा तसं ती म्हणाली, "तुला लग्नाचं कळू दिलं न्हाई, ते म्याच आईला सांगितलं हुतं."

मी हातातली भाकरी खाली ठेवली.

"मुहूर्त निघाला तवा आबा म्हनत हुते, पोरीला बोलवून घेऊ. म्या म्हनलं, ती पवायला गेली. तिला कळलं तर ती येईल पळत, आन् मंग परत जायची न्हाई. एक पोरगी तरी पान्यात ऱ्हाऊ द्या." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "तू लई रडली असशील."

"तुझी ओढणी नेली मी."

"म्हाईत हाय. आई म्हनली हुती."

मला पुष्कळ विचारायचं होतं. लग्नाच्या दिवशी तिने कोणती साडी नेसली होती, करवली कोण झालं, सासरी जाताना ती रडली का. पण सुट्टी संपल्याची घोषणा झाली आणि मला लेनवर जावं लागलं. संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. शिरूर सोडल्यावर अंधार पडला. मी नगर येईपर्यंत हललेसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी ती आली नाही. पाऊस कमी झाला, शेततळ्यातलं पाणी लिंबांना द्यावं लागलं आणि उन्हाळ्याआधीच तळाचं प्लास्टिक उघडं पडलं. त्या वर्षी राष्ट्रीय मास्टर्सला मी पंच होते. तिच्या गटाची शर्यत आली तेव्हा देशभरातल्या बायका ओळीने उभ्या राहिल्या. कुणी बंगालची, कुणी केरळची. एकीची उभं राहण्याची पद्धत थेट आक्कासारखी होती, एक खांदा जरा खाली. मी माझ्या लेनवर मान खाली घालून उभी राहिले आणि नेमून दिलेल्या बाईचे हात पाहिले. दोन्ही हात लागले, नीट लागले.

गेल्या वर्षी पाऊस चांगला झाला. आक्काने स्वतःच फोन केला. "नाव घाल माजं." या वेळी मुलाने तळ्यात एक फळी दोराने आडवी बांधून दिली होती, भिंतीसारखी. रोज लिंबांना पाणी सोडून झालं की ती त्या फळीला दोन्ही हात लावायचा सराव करत होती. फळी हलायची, पण सवय लागली.

या खेपेला तिच्या शर्यतीच्या वेळी मला सुरुवातीच्या टोकाला काम होतं. ती माझ्यापासून पाच-सहा पावलांवर उभी होती, पाठमोरी. केस पांढरे झालेत हे मला टोपीच्या कडेने दिसलं. ओढणी या वेळी नव्हती. मुख्य पंचांची शिट्टी झाली, ती ठोकळ्यावर चढली, वाकली आणि गेली. मला तिची पाठ दिसत होती आणि दर वेळी वर येणारं डोकं, अजूनही पाण्याबाहेर. ती लांब लांब जात राहिली. शेवटच्या भिंतीला ती पोचली तेव्हा तिचे हात मला दिसणं शक्यच नव्हतं. मी पलीकडच्या पंचांकडे बघत होते. कुणीही हात वर केला नाही.

ती चौथी आली. राष्ट्रीयला निवड झाली नाही, पण निकालाच्या पत्रकावर तिचं नाव आणि पुढे तिची वेळ छापून आली. मला वाटलं, संध्याकाळी आपण दोघी पत्रक घेऊन बसू, ती मला फळीबद्दल सांगेल, मग मी तिला लग्नातली साडी विचारेन. पण मला शेवटपर्यंत थांबावं लागणार होतं आणि तिची म्हैस दुसऱ्या कुणाला दूध देत नाही. दुपारीच ती पिशवी घेऊन निघाली. निघताना ती कठड्यापाशी आली, पण मी लेनवर उभी होते आणि शर्यत चालू होती. ती थोडा वेळ थांबली असावी. मी मान वर केली तेव्हा तिथे कुणी नव्हतं.

रात्री तिचा फोन आला. "पोचले," ती म्हणाली. "म्हस फुरंगटून बसलीय. तू जेवलीस का?"

"जेवले. आक्का, छान पोहलीस."

"तू बघितलंस?"

"पाठ बघितली."

ती हसली. मग म्हणाली, "कवा येतीस? लिंबं उतरायला लागलीत. पान्यात बी उतरू दोघी."

मी म्हणाले, येते. त्यानंतर शाळेच्या परीक्षा आल्या, एक शिबिर आलं, मग दुसऱ्या राज्यातली स्पर्धा आली. पाटीवर आता आमच्या शहराचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण जामखेडच्या बसचे कंडक्टर अजून नगर नगर असंच ओरडतात. शाळेतून येताना मी रोज आक्काकडे जाणाऱ्या त्या बसच्या थांब्यावरून जाते. बस उभी असते, खिडकीत जागाही असते. अजून जाणं झालेलं नाही.